बायकांची रपेट

घोड्यावर मांड टाकून मोकळ्या हवेत फिरून येणे, याला आपल्या भाषेत रपेट म्हणतात. रपेटीला कामाचे निमित्त लागत नाही. निरोप पोचवायचा नाही, ओझे वाहायचे नाही, कोणावर चालून जायचे नाही. जनावर आणि माणूस यांनी एकमेकांच्या संगतीत घटकाभर सुख घ्यावयाचे, एवढाच तिचा हेतू. घोड्याची आवड असलेल्या बायकांनी चारचौघी मिळून अशा रपेटीस जावे, असे कोणी म्हटले की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणतो, हे विलायती खूळ आहे. दुसरा म्हणतो, आमच्या बायका घोड्यावर बसतच आल्या आहेत. झाशीची राणी पाहा! ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. का अपुरी वाटतात, ते जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या आधाराने सांगतो.

या मुलखाचे घोड्याशी नाते जुने आहे. आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगाव. त्याच्या अंगाने वाहणारी नदी घोड. जुन्नरची कुकडी या घोडीला मिळते आणि घोड पुढे भीमेला. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद करतो. म्हणजे या भागात घोड्याचा जो फार जुना लेखी हिशेब सापडतो, तो एका बाईच्या नावाशी जोडलेला आहे.

त्यानंतर दीड हजार वर्षांनी, १४७० च्या सुमारास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकण्यासाठी घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने येथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देईन, वर हजार मोहराही देईन, असे सांगितले. एका खोजा सरदाराने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. या देशात घोडे निपजत नाहीत, असे निकितिनने लिहून ठेवले आहे. त्यांना हरभरा घालतात, साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही लिहिले आहे. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजी महाराजांनी रात्री जुन्नरवर छापा घातला, तेव्हा तीन लाख होनांबरोबर दोनशे घोडे नेले. घोडा ही त्या काळची किती मोठी दौलत होती, हे यावरून दिसेल.

मी आयुष्यभर कामगारांत वावरलेला माणूस. शाळा थोडी झाली. वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. त्यामुळे घोड्याची गोष्ट वाचताना माझ्या मनात स्वाराच्या आधी इतर माणसे येतात. ती खिचडी कोणी शिजवली? हरभरे कोणी भिजत घातले? गवत कोणी कापून आणले, खरारा कोणी केला? मराठ्यांच्या फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा असलेला आणि बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. हा भेद सगळ्यांना पाठ आहे. पण घोड्याच्या पाठीवर न बसता त्याच्या पोटाची काळजी वाहणारे तिसरे माणूस बखरीत येत नाही. बायकांच्या घोडेस्वारीचा इतिहास पाहताना हाच प्रश्न हाती ठेवावयाचा आहे: घोडा कोणाचा, आणि वेळ कोणाचा?

आपल्या देव्हाऱ्यातील खंडोबाचा टाक पाहा. घोड्यावर देव एकटा नसतो. म्हाळसा त्याच घोड्यावर असते आणि दैत्यांशी लढते. ज्या घरातील सून उंबरठा ओलांडताना तीनदा विचारते, त्याच घरात घोडेस्वार बाईची रोज पूजा होते! इतिहासातही ही बाई आहे. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे. ती बाजीरावाबरोबर रिकिबीला रिकीब लावून स्वारीत जात असे, असे इतिहासकार सांगतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते. लक्ष्मीबाईंचा व्यायाम आणि घोड्यावरचे रोजचे फेरफटके यांचे त्यांनी जवळून वर्णन केले आहे.

परंतु रपेट या शब्दाला खरोखर शोभेल असा प्रसंग, म्हणजे बायका बायका जमल्या आणि हौसेने घोड्यावर बसल्या असा, आपल्याला एका इंग्रज बाईच्या पुस्तकात सापडतो. त्यासाठी घटकाभर उत्तरेस जावे लागेल, कारण मराठ्यांचे घोडे आणि मराठ्यांच्या बायका दोन्ही तिकडे गेली होती. कागलच्या घाटग्यांची मुलगी बायजाबाई हिचे १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न झाले. दौलतरावांच्या मागे १८२७ पासून १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. मग ती पदच्युत झाली आणि गंगेकाठी फत्तेगडास तळ देऊन राहिली. तेथे १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही कंपनीच्या एका अंमलदाराची बायको तिला भेटावयास येऊ लागली. फॅनीलाही घोड्याचे वेड होते आणि बायजाबाई तर तरुणपणी नावाजलेली स्वार. त्यामुळे दोघींचे जमले.

इंग्रज बाया तेव्हा दोन्ही पाय एका बाजूला सोडून, आडव्या खोगिरावर बसत. हे पाहून मराठी बायकांना हसू आवरेना. असे वाकडे बसून तोल सांभाळता तरी कसा, असे त्यांनी विचारले. तळावरील बायका पुरुषासारखी मांड टाकून घोडे दौडवीत. मग फॅनीने मराठी पद्धतीचा पोशाख चढवला आणि तशीच बसून पाहिली. तिला ते इतके सोयीचे वाटले की बायकांची बैठक बदलणाऱ्या आपल्याच राणी एलिझाबेथला तिने दोष दिला. हे सारे तिने १८५० मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात आले आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली ही की, बायकांनी मिळून रपेट करणे हे विलायती खूळ नव्हे. विलायतेतली बाई ते आपल्याकडून शिकली. आणि शिकवणारे साधन कोणते, तर काष्ट्याचे लुगडे. भाताच्या खाचरात लावणी करणारी आंबेगावची कष्टकरी बाई जो काष्टा घालते, तोच काष्टा राणीला घोड्यावर बसू देत होता. दुसरी गोष्ट अशी की, बायजाबाईचे राज्य गेले तरी पागा गेली नव्हती. घोडे तिचे होते, मोतद्दार तिचे होते आणि सकाळ-संध्याकाळही तिची होती. ज्या मोलकरणी त्या तळावर पाणी भरीत असतील, त्यांच्यापैकी कितीजणींना मांड टाकावयास मिळाली असेल? म्हणून ‘आमच्या बायका घोड्यावर बसतच आल्या आहेत’ हे उत्तर अपुरे आहे. ‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या, हे त्यात सांगितलेले नसते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि स्वारांच्या फौजा मोडल्या. पागा ओस पडल्या. पुढे घोड्यावरचा फेरफटका ही माथेरान-महाबळेश्वरच्या हवेची गोष्ट झाली. साहेब आणि मडम खोगिरावर, आणि आपला माणूस लगाम धरून पायी. मग भीमा-घोडेच्या खोऱ्यातला, मराठी फौजांचा तो काटक भीमथडी घोडा टिकला कसा?

तो धनगरांच्या वाड्यावर टिकला. दिवाळीच्या सुमारास पूर्वेच्या कोरड्या भागातून मेंढ्यांचे कळप निघतात, या तालुक्यांतून पुढे जातात, कित्येक घाट उतरून कोकण गाठतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. पुरुष मेंढ्यांबरोबर. घोड्यांबरोबर बायका. पहाटे तळ मोडायचा, भांडीकुंडी, अंथरुणे, कोंबड्या, कोकरे आणि चालता न येणारी पोरे घोड्यावर लादायची, दोर आवळायचे, लगाम धरून कोसन्‌कोस चालायचे, नव्या तळावर ओझे उतरून चूल पेटवायची. घोडा कधी बिचकतो, कोठे पाठ सोलली आहे, कोणती घोडी गाभण आहे, हे त्या बाईला जितके कळते तितके कोणा राऊताला कळत नसेल. अलीकडच्या वर्षांत भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. त्या नोंदीमागे या बायकांचे शेकडो वर्षांचे श्रम आहेत. बायका आणि घोडे यांचा एवढा मोठा मेळा आपल्या डोळ्यांसमोरून दरवर्षी जातो. पण ती रपेट नव्हे. ते काम आहे.

काम आणि रपेट यांच्यामध्ये जी गोष्ट उभी असते, तिचे नाव सवड. सवड कोणी दान देत नाही, ती मिळवावी लागते. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर गिरणी कामगारांची सभा भरवली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन कामगार बायकांनी भाषणे केली. मागणी होती आठवड्याच्या सुटीची. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. श्रीमंतांचे घोडे जेथे धावत, तेथे उभे राहून गरीब बायकांनी स्वतःसाठी एक दिवस मागितला, हा प्रसंग मला कोणत्याही लढाईपेक्षा कमी वाटत नाही. आमच्या चळवळीची जुनी मागणीच आहे: आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास माणसाचे स्वतःचे. पण गिरणीला रविवार मिळाला तरी चुलीला मिळाला नाही. पुरुषाच्या सुटीच्या दिवशी घरात एक भाजी जास्त होते!

आज बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या होत्या; डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागात गाड्यापुढे घोडी पळते. त्या घोडीवर आता एखादी मुलगीही दिसू लागली आहे आणि घाटातली माणसे तिचे तोंड भरून कौतुक करतात. कौतुक व्हावेच. मात्र अपवादाचे कौतुक करणे सोपे असते. एकटी मुलगी भरधाव गेली तर ती रणरागिणी. दहाजणी सावकाश, गप्पा मारीत, कुकडीच्या काठाने घोड्यावरून निघाल्या तर लगेच विचारणा होते, ‘घरी कामे नाहीत वाटते?’

जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आहे. उद्या येथे बायकांच्या घोड्यावरच्या सहली निघाल्या तर मला आनंदच होईल. पण त्या वेळी हिशेब पुरा मांडावा. घोड्याला चंदी आणि विश्रांती मिळते का? सोलल्या पाठीवर खोगीर चढत नाही ना? मोतद्दाराला पुरी मजुरी मिळते का? वाटेवर बायकांसाठी आडोसा आणि पाणी आहे का? आणि जिच्या हातांनी हा घोडा जगवला, ती धनगराची लेक त्या सहलीत लगाम धरून पायीच चालणार, की एखाद्या दिवशी तीही मांड टाकणार?

नाणेघाटातल्या लेखाला दोन हजार वर्षे झाली. त्यात राणीने दिलेल्या घोड्यांची मोजणी आहे. आपल्याला आता मोजायचे ते बाईच्या स्वतःच्या हक्काचे तास. ते वाढले की रपेटीला जायचे की नाही, हे तिचे ती ठरवील.