कराचीचे टपाल आणि आपले आकाश



शाळेच्या भिंतीवरचा नकाशा घ्या आणि अहमदाबादपासून मुंबईच्या जुहूपर्यंत दोरी ताणा. दोरी जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरते आणि बोईसर-पालघरच्या डोक्यावरून जाते. तारापूरचा किल्ला उजव्या हाताला, समुद्राकडे राहतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी याच वाटेच्या दोन टोकांमधून एक लहानसे, एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान आले. चालवणारे होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. सोबत उतारू नाही, बिनतारी यंत्र नाही. होती ती टपालाची थैली. विलायतेचे टपाल १९२९ पासून विमानाने कराचीपर्यंत येई, आणि पुढे मात्र आगगाडीची वाट धरी. ही पुढची वाट टाटांना हवेतून न्यायची होती.

सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी त्यांनी कराची सोडली. अहमदाबादला पेट्रोल भरायला थांबले. ते पेट्रोल कशातून आले म्हणाल? डब्यांत भरून, बैलगाडीवरून! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकले. सुमारे १,०३५ किलोमीटरची वाट, सव्वासात तास. पालघर ते जुहू हवेतून ६५ किलोमीटर, तेव्हा दीडच्या आधीच ते आपल्या भागाच्या माथ्यावर आले असावे, असा हिशेब निघतो. गुरुजींनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. थांबा धरून ताशी वेग किती पडला, ते मुलेच काढतील. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी चढे, मग सारा कारभार पुण्याला हलवावा लागे.

हे सारे एकाच इलाख्यात चालले होते, बरं का. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराची आणि आपला तेव्हाचा ठाणे जिल्हा यांचा कारभार एकच. कराचीतल्या एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, ते काही उगाच नाही.

आता आजचे पाहू. कराची ते मुंबई सरळ हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आतच. आजच्या जेट विमानाला ते दीड-दोन तासांचे काम. पण या दोन शहरांमध्ये आज थेट विमानच नाही. दुबईला वळसा घातला तर वाट तीन हजार किलोमीटरवर जाते. म्हणजे विमान पाच-सहा पट वेगवान झाले आणि प्रवास होता तिथेच राहिला. उतरून दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागली तर अधिकच लांबला.

हा हिशेब आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकलेला नाही. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले गेले की कराचीच्या तुरुंगात पडतात. सुटका झाली तरी सरळ येता येत नाही. आधी बाराशे किलोमीटर उत्तरेला लाहोर, मग वाघ्याची सीमा पायी, मग अमृतसर आणि तिथून पुन्हा दक्षिणेकडे गाडी. २०२४ च्या मार्च महिन्यात डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा त्या तुरुंगात मृत्यू झाला. शव पाड्यावर पोहोचायला महिन्याहून अधिक काळ लागला.