ढील देणारा पतंग

संक्रांतीला जळगाव-धुळ्याच्या गच्चीवर कन्नी बांधताना आपण काय ठरवतो? पतंग वाऱ्यापुढे किती तिरपा राहील, म्हणजे किती ओढेल. काइटसर्फिंगचा इतिहासही याच ओढीभोवती फिरतो बघा.

१९८४ मध्ये ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पाण्यात पडला तरी पुन्हा उठायचा. पण सुरुवातीचे खोल कमानीचे ‘सी’ पतंग वारा वाढला की माणसालाच फरफटत नेत; काहींचे जीवही गेले. २००५ च्या सुमारास ब्रूनोचाच चपटा ‘बो’ पतंग बाजारात आला. दांडी पुढे ढकलली, की ओढ जवळजवळ संपते.

कसरतीवाल्यांना ‘सी’ आजही आवडतो. नवशिक्यानं मात्र ‘बो’ घ्यावा. ढील देता आली, तरच पतंग आपल्या हातात!