एकही सामना न हरलेला संघ बाहेर कसा गेला? अमेरिकी कॉलेज फुटबॉलचं प्लेऑफ आणि ड्राफ्टचं कोडं

३ डिसेंबर २०२३. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे फुटबॉलपटू टीव्हीसमोर बसले होते. हंगामातले १३ पैकी १३ सामने त्यांनी जिंकले होते, कॉन्फरन्सचं विजेतेपदही खिशात होतं. राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या प्लेऑफमध्ये चार संघ घेतले जाणार होते. चौथं नाव पडद्यावर आलं ते अलाबामाचं. अलाबामा एक सामना हरलेला होता.

देशातल्या मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती. कारण काय? फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय दोन आठवड्यांपूर्वी मोडला होता.

त्या एका निर्णयानंतर अमेरिकेत जो वाद पेटला, तो अजून शमलेला नाही. प्लेऑफ ४ वरून १२ संघांचं झालं, आता १६ आणि २४ चे आकडेही चर्चेत आहेत. पण वाद फक्त संख्येचा नाही. एखाद्या संघाने काय करून दाखवलं हे बघायचं, की तो पुढे काय करील हे? हाच प्रश्न व्यावसायिक संघांनाही दर एप्रिलमध्ये पडतो, जेव्हा ते ड्राफ्टमध्ये कॉलेजच्या पोरांवर कोट्यवधी डॉलर लावतात.

मुळात समिती लागतेच कशाला?

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सीचं नव्हे, अंडाकृती चेंडूचं अमेरिकन फुटबॉल. त्याच्या कॉलेज स्तरावरच्या सर्वोच्च गटात सुमारे १३५ विद्यापीठं आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात साधारण १२ सामने येतात. आयपीएलमध्ये १० संघ असतात, ठरलेलं वेळापत्रक असतं, शेवटी गुणतक्ता बघितला की काम झालं. इथे गुणतक्ता बनूच शकत नाही. बहुतेक संघ एकमेकांशी कधी खेळतच नाहीत. कुणाचे १२ प्रतिस्पर्धी तगडे असतात, तर कुणाचे लिंबूटिंबू.

म्हणून कित्येक दशकं पत्रकार आणि प्रशिक्षक मतदान करून विजेता ठरवायचे. १९९८ पासून मतदान आणि संगणकाची क्रमवारी एकत्र करून दोन संघ निवडले जाऊ लागले आणि त्यांच्यात अंतिम सामना होऊ लागला. २०११ च्या हंगामात तर अलाबामा आणि लुइझियाना स्टेट हे एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ अंतिम सामन्यात आमनेसामने आले, तेही त्याच हंगामात एकदा खेळून झालेले. लोक वैतागले. २०१४ पासून चार संघांचं प्लेऑफ आलं आणि निवड १३ सदस्यांच्या समितीकडे गेली. समितीत विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू अशी मंडळी असतात.

समितीने नेमकं काय पाहिलं?

समितीच्या नियमावलीत एक कलम आहे. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल आणि त्याचा पुढच्या सामन्यांवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर ते विचारात घेता येतं. म्हणजे समितीला केवळ निकाल नाही, तर अंदाजही बांधण्याची मुभा आहे. ट्रॅव्हिसशिवाय फ्लोरिडा स्टेटने दोन सामने जिंकले, पण दुसऱ्यात तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक खेळवावा लागला आणि निकाल १६-६ असा रटाळ लागला. त्याच दिवशी अलाबामाने अव्वल क्रमांकाच्या जॉर्जियाला हरवलं. समितीला वाटलं, आज हे दोन संघ भिडले तर अलाबामा भारी पडेल.

वाटण्यात चूक होती असं म्हणता येत नाही. पण १३ विजय मिळवलेल्या पोरांना ‘तुम्ही पुढे हराल’ म्हणून घरी बसवणं हा खेळ नाही, भविष्यकथन आहे. ट्रॅव्हिसने त्या दिवशी समाजमाध्यमावर लिहिलं, की आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ फक्त क्वार्टरबॅकचा नाही हे लोकांना दिसलं असतं.

पुढे ऑरेंज बोल या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला. ‘बघा, समिती बरोबर होती’ असं म्हणणारे लगेच पुढे आले. त्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे सोडली. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. का उतरले नाहीत, हे समजायला ड्राफ्ट समजून घ्यावा लागतो.

ड्राफ्टमध्ये पारख कशी होते?

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला तिथे येता येत नाही, त्यामुळे कॉलेज हीच लीगची फुकटची रोपवाटिका. एप्रिलमध्ये सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी निवडतो आणि खेळाडूला तो सांगेल तिथे जावं लागतं. पगारही साधारण क्रमांकावरच ठरतो. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सने निवडलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार पावणेपाच कोटी डॉलरहून अधिकचा होता. खाली सरकत जाल तसे आकडे झपाट्याने आटतात.

निवडीआधी स्काउट मंडळी प्रत्येक खेळाडूच्या सामन्यांचे व्हिडिओ तासन् तास बघतात, प्रशिक्षकांशी बोलतात. मग इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ नावाची मोठी चाचणी होते. ४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावणं, उभ्याने उडी, सुमारे १०२ किलोचं वजन जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा उचलणं. टीव्हीवर सगळ्यांना धावणं आवडतं. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्याची क्लिप सगळीकडे फिरली. संघांना मात्र त्याहून जास्त रस असतो तो वैद्यकीय तपासणीत. गुडघा, खांदा, घोटा, जुनी शस्त्रक्रिया, सगळं तपासलं जातं.

एवढं करूनही अंदाज चुकतात, आणि किती चुकतात हे बघितलं तर गंमत वाटेल. टॉम ब्रेडीला २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर घेतलं गेलं. ४० यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले होते. त्याने सात सुपर बोल जिंकले. ब्रॉक पर्डी तर २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू. दोनच वर्षांत त्याने आपला संघ सुपर बोलपर्यंत नेला. उलट १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ आणि २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावरचा जमार्कस रसेल ही नावं आजही फसलेल्या निवडीची उदाहरणं म्हणून घेतली जातात.

नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्यासोबत या निवडींचा अभ्यास केला. त्यांना आढळलं, की संघ वरच्या क्रमांकांसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरेल याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त निघाली. चूक स्काउटच्या नजरेत कमी आणि त्या नजरेवरच्या अतिविश्वासात जास्त आहे.

मग जिंकण्याला किंमत नाही?

कॉलेजमध्ये आहे, ड्राफ्टमध्ये फारशी नाही. स्टेटसन बेनेटने जॉर्जियाला सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, तरी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये तो चौथ्या फेरीपर्यंत ताटकळला. ओहायो स्टेटला विजेतेपद जिंकून देणारा विल हॉवर्ड अंतिम सामन्यात आक्रमण फळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तीन महिन्यांनी १८५ व्या क्रमांकावर निवडला गेला. याउलट जॉश ॲलन वायोमिंगसारख्या छोट्या कार्यक्रमातून आला, आकडेवारीही बेतासबात, तरी २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर गेला. बफेलो बिल्सला त्याचा दणकट बांधा आणि हाताची ताकद दिसली होती. २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

स्काउट असं वागतो ते बरोबरच आहे. त्याचं कामच पुढचं ओळखण्याचं. प्लेऑफ समितीचं काम तेच आहे का, हा खरा मुद्दा.

सामना खेळायचा की पाय जपायचा?

१ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बोलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला. अस्थिबंध तुटले, नसेलाही इजा झाली. पहिल्या काही निवडींत जाईल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं, तो ३४ व्या क्रमांकावर गेला आणि पहिला हंगाम पूर्ण मुकला. त्या सामन्याने राष्ट्रीय विजेता ठरणार नव्हता. तो फक्त हंगामाच्या शेवटचा एक मानाचा सामना होता.

पोरांनी धडा घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस लिओनार्ड फोर्नेट आणि क्रिश्चियन मॅकॅफ्री यांनी आपापल्या संघाचा बोल सामना खेळायला नकार दिला. त्यांच्यावर ‘स्वार्थी’ म्हणून टीका झाली. ड्राफ्टमध्ये ते चौथ्या आणि आठव्या क्रमांकावर गेले. त्यानंतर ही वाट रुळली. फ्लोरिडा स्टेटच्या जेरेड व्हर्स आणि किऑन कोलमन यांनी ऑरेंज बोल टाळला, त्यामागे हेच गणित होतं. व्हर्स १९ व्या, कोलमन ३३ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटचे तब्बल १० खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले. प्लेऑफला अपात्र ठरवलेल्या संघाचे!

ट्रॅव्हिस त्या दहांपैकी एक. न्यूयॉर्क जेट्सने त्याला पाचव्या फेरीत, १७१ व्या क्रमांकावर घेतलं. पाय पूर्ण बरा झालाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये एनएफएलचा एकही सामना न खेळता तो निवृत्त झाला.

प्लेऑफ वाढवण्यामागे पैसा आहेच. ईएसपीएनशी झालेला करार वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरचा आहे. पण मोठ्या प्लेऑफचा एक फायदा असा, की जास्त संघांच्या शेवटच्या सामन्यांना अर्थ येतो आणि चांगले खेळाडू मैदानात राहतात. तोटाही तितकाच उघड आहे. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेट आणि नोटर डेम प्रत्येकी १६ सामने खेळले. प्रौढ व्यावसायिकांच्या एनएफएलचा नियमित हंगाम १७ सामन्यांचा असतो. जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, म्हणजे निदान आता ही धोक्याची झीज फुकट नाही.

१२ संघांनी काय दाखवलं?

२०२४ मध्ये नवं स्वरूप आलं. सर्वोत्तम पाच कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश आणि सात खुल्या जागा. वरच्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल. यातून विचित्र प्रकार घडला. क्रमवारीत नववा असलेल्या बॉइसी स्टेटला तिसरं आणि बाराव्या ॲरिझोना स्टेटला चौथं मानांकन मिळालं. उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळालेले चारही संघ हरले आणि आठव्या मानांकित ओहायो स्टेटने विजेतेपद नेलं. पुढच्याच वर्षी हा नियम बदलून मानांकन सरळ क्रमवारीनुसार देण्याचं ठरलं. कठीण वेळापत्रकाला अधिक वजन देणारं मोजमापही समितीच्या हाती आलं.

२०२५ मध्ये वाद वेगळ्या दाराने आला. मायामी आणि नोटर डेम दोघांचेही १० विजय, २ पराभव. ऑगस्टमध्ये मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं होतं, तरी समिती आठवडेच्या आठवडे नोटर डेमला वर ठेवत राहिली आणि शेवटच्या यादीत अचानक क्रम फिरवला. अकराव्या क्रमांकावर राहून नोटर डेम बाहेर गेला, कारण खालच्या क्रमांकाचे टुलेन आणि जेम्स मॅडिसन विजेते म्हणून थेट आत आले होते. चिडलेल्या नोटर डेमने दुसरा कोणताही बोल सामना खेळायला नकार दिला. काठावर आत शिरलेल्या मायामीने टेक्सस ए अँड एम, गतविजेता ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवून अंतिम फेरी गाठली. तिथे अपराजित इंडियानाने त्यांना २७-२१ असं रोखलं आणि इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवलं.

दोन वर्षांत आठव्या मानांकिताचं विजेतेपद आणि दहाव्याची अंतिम फेरी. जुन्या चार संघांच्या पद्धतीत हे दोघंही घरी बसले असते. ब्रेडीचा १९९ वा क्रमांक आणि मायामीचा दहावा, दोन्ही ठिकाणी तज्ज्ञांची यादी फक्त अंदाज असल्याचं दिसलं.

आता पुढे काय?

सूत्रं बिग टेन आणि एसईसी या दोन बलाढ्य कॉन्फरन्सच्या हाती आहेत आणि त्यांचंच आपसात जुळत नाही. बिग टेनला १६ संघांत दोघींसाठी प्रत्येकी चार जागा आधीच राखून हव्या होत्या. मैदानाआधी कागदावर जागा वाटण्याची ही कल्पना बाकीच्यांना पटण्यासारखी नव्हतीच. एसईसीचा कल पाच विजेते आणि ११ खुल्या जागा या सूत्राकडे होता. नंतर बिग टेनकडून २४ संघांचाही प्रस्ताव पुढे आला. एकमत न झाल्याने २०२६ च्या हंगामासाठी १२ संघच कायम राहिले.

मात्र एक बदल नव्या करारातून येतो आहे. २०२६ पासून नोटर डेम क्रमवारीत पहिल्या १२ मध्ये असेल तर त्याची जागा पक्की. हा नियम २०२५ मध्ये असता, तर नोटर डेमला जागा करून देण्यासाठी खुल्या जागांमधला सर्वांत खालचा संघ बाहेर काढावा लागला असता. तो संघ मायामी होता.