वकील कोणाचा, पैसे कोणाचे

वायटूकेच्या, म्हणजे सन २०००च्या संगणक-दोषाच्या, लाटेत न्यू जर्सीत उतरलेल्या आम्हा मराठी प्रोग्रामरांना एक हिशेब कधीच नीट लागला नाही: ग्रीनकार्डाच्या वकिलाची फी. वकील कंपनीने निवडायचा, फाइल कंपनीच्या ताब्यात, आणि चेक फाडायचा आम्ही. आमच्या कन्सल्टिंग कंपनीने तर ती रक्कम पगारातून हप्त्याहप्त्याने कापली. चौकशीला फोन केला की वकिलाकडची बाई सांगे, "एचआरशी बोला." एचआर म्हणे, "वकिलाला विचारा."

भांडणाचं मूळ धंद्याच्या रीतीतच होतं. इमिग्रेशनचे वकील सहसा तासावर नव्हे, टप्प्यावर ठोक फी घेतात: आधी लेबर (या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही, अशी कामगार खात्याची मंजुरी), मग आय-१४० (कंपनीचा अर्ज), शेवटी आय-४८५ (नोकराचा स्वतःचा ग्रीनकार्डाचा अर्ज). या ठोक रकमेत काय धरलंय, ते वाद झाल्यावरच कळे. सरकारने जादा कागद मागितले, की उत्तराचे पैसे वेगळे. नोकरी बदलली, की लेबर पहिल्यापासून आणि फीही पहिल्यापासून. मार्च २००५ मध्ये लेबरसाठी पर्म ही नवी पद्धत आली, तेव्हा लेबरची जुनी साडेतीन लाखांहून जास्त प्रकरणं फिलाडेल्फिया आणि डॅलसच्या केंद्रांत तुंबलेली होती. त्यात वकिलाचा दोष नव्हता, पण खिसा रिकामा झालेल्याला ते कोण पटवणार?

या तुंबण्यातून एक बाजारही उभा राहिला. मंजूर लेबरवर मूळ माणसाऐवजी दुसऱ्याचं नाव घालता येई. सोडून गेलेल्याचं जुनं लेबर म्हणजे, त्याच्या जुन्या तारखेमुळे, ग्रीनकार्डाच्या रांगेतली पुढची जागा. ती विकली जाऊ लागली. १६ जुलै २००७ पासून अमेरिकेच्या कामगार खात्याने ही नावबदली आणि विक्री बंद केली. लेबरच्या वकिलाची फी मालकानेच भरायची, नोकराकडून वसूल करायची नाही, असाही नियम झाला. नोकराने स्वतःचा वेगळा वकील केला, तर त्याची फी मात्र त्याची त्याने द्यावी.

तोच महिना व्हिसा बुलेटिनच्या, म्हणजे रांगेत कुठल्या तारखेपर्यंतची पाळी आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकाच्या, गोंधळाचा. नोकरीवरून ग्रीनकार्ड मागणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या तारखा करंट होणार, म्हणजे आय-४८५ लगेच भरता येणार, असं जूनमध्ये जाहीर झालं. लोकांनी वकिलांचे पैसे भरले, मेडिकल करून घेतलं, आय-४८५ ची पाकिटं तयार केली, आणि २ जुलैला सरकारने दार लावून घेतलं. 'लगे रहो मुन्नाभाई' ताजा होता. त्यातल्या गांधीगिरीसारखे आपल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्याकडे शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. १७ जुलैला खातं नमलं आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घ्यायला तयार झालं. मधल्या पंधरवड्यात एकच खल: न गेलेल्या अर्जाची फी परत मागायची का? कारण आय-४८५ ची फी लेबरच्या त्या नव्या नियमात येतच नव्हती.

न्यू जर्सीत वकिलाच्या फीच्या तंट्यांसाठी १९७८ पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जिल्हा समित्या आहेत. अशिलाने अर्ज केला, की वकिलाला यावंच लागतं. फी वाजवी होती हे त्यानेच सिद्ध करायचं, आणि निवाडा दोघांनाही बांधील. तरी माझ्या ओळखीतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. वकिलाशी भांडण म्हणजे मालकाशी भांडण, आणि मालकाशी बिनसलं तर तो अर्जच मागे घेईल, ही धास्ती.

आज माझा पुतण्या लेबरसाठी एक डॉलरही देत नाही, आणि कंपनीच्या वकिलाला जाब विचारण्याची त्याची हिंमतही होत नाही. मी त्याला सांगतो: बाबा रे, तासाभराचे पैसे मोज, पण एकदा तुझ्या स्वतःच्या वकिलाला कागद दाखव, आणि पावती तुझ्या नावाची घे.