काळा पडदा आणि बंद कागद

लिनक्स लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला आणि पडदा काळाच राहिला, की आपण आधी केबलवर संशय घेतो. पण दोष कधीकधी इतिहासात असतो.

पूर्वी मॉनिटरचे आकडे आपण लिनक्सच्या फाइलीत हाताने लिहायचो. १९९४ साली व्हेसा या संस्थेने ईडीआयडी ठरवलं: मॉनिटरनेच आपली ओळख १२८ बाइट्समध्ये सांगायची. २००९ पासून ती वाचून पडदा उजळण्याचं काम कर्नलकडे येत गेलं. मग अडलं कुठे?

२०१० मध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिमस आलं. लॅपटॉप एक, ग्राफिक्स चिप दोन. कित्येक मॉडेलांत एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला, आणि त्या चिपचे तांत्रिक कागद बंद. मॉनिटर ओळख सांगतोय, पण ड्रायव्हरशिवाय ऐकणार कोण? २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनस टोरवाल्ड्स या कंपनीवर जाहीरपणे भडकले, ते याच संदर्भात. कंपनीने कर्नल ड्रायव्हरचा कोड खुला केला तो २०२२ मध्ये.

म्हणून एक्स चालू असेल तर आधी ‘एक्सरँडर’ ही आज्ञा देऊ. पोर्ट दिसतोय पण ‘डिस्कनेक्टेड’ म्हणतोय, तर केबल बदलून बघू. पोर्ट यादीतच नसेल, तर बहुधा ड्रायव्हर हवा. विकत घेतलेल्या यंत्राचं एक दार आपल्यालाच बंद राहावं, हा प्रश्न मात्र केबल बदलून सुटत नाही.