पेठेत दिवे किती?

मालवणच्या बाजारपेठेत आमचं घर आहे. खाली दुकान, वर माडी, मागे विहीर आणि चार माड. दिवाळीच्या पाडव्याला श्री देव रामेश्वर आणि नारायण यांची पालखी गावप्रदक्षिणेला निघते आणि परतताना पेठेतून जाते. त्या रात्री पेठ झोपत नसे. आजी आम्हा मुलांना माडीच्या खिडकीत बसवायची आणि सांगायची, "पालखी येयसर समोरचे दिवे मोजा रे." खिडकीतून दिसतील तेवढ्या माड्यांवरचे दिवे मोजायचे, हा आमचा खेळ. आकडा सतरा-अठरा यायचा. गेल्या पाडव्याला मी सवयीने पुन्हा मोजले. खालची दुकानं पूर्वी कधी नव्हती एवढी झगमगत होती. माड्यांवर मात्र पाचच दिवे होते आणि त्यातले दोन लॉजचे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे हा खेळ एवढ्यावर सोडणं मला जमलं नाही. जुने आकडे काढून बसलो. १९०१ च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या १९ हजार ६२६ होती. २०११ मध्ये ती साडेअठरा हजारांच्या आसपास होती. शेजारच्या वेंगुर्ल्यात १९०१ साली १९ हजार माणसं राहत, २०११ मध्ये साडेबारा हजारांच्याही आत. याच एकशेदहा वर्षांत भारताची लोकसंख्या पाचपट झाली. हद्दींचा थोडाफार फरक धरला, तरी एवढं नक्की की ही शहरं वाढली नाहीत. मग त्यांचं झालं काय?

त्यासाठी आधी ही पेठ मुळात इथे का वसली ते पाहावं लागेल. मालवणचा समुद्र खडकांनी भरलेला. परक्या तांडेलाला इथे गलबत आणणं अवघड. नेमकं हेच ओळखून शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. किल्ला म्हटला की शिबंदी आली, शिबंदीला धान्य आलं, जहाजांना दोर, लाकूड, लोखंड आलं. हे सगळं पुरवणारी माणसं समोरच्या किनाऱ्यावर वसली. १८८० सालच्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये मालवणविषयी एक मजेशीर माहिती आहे. जुनं मालवण ज्या जमिनीवर होतं ती एके काळी स्वतंत्र बेट होती आणि नंतर ती मुख्य भूमीला मिळाली. गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हाच नवं शहर जुन्याच्या हद्दी ओलांडून बरंच पसरलं होतं. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांशी झालेल्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेलं. किल्ल्याचं महत्त्व संपलं, पण पेठेचं संपलं नाही. कारण तोवर तिला बंदर पुरेसं होतं.

त्या काळी समुद्र हाच आमचा हमरस्ता होता. डोंगर, नद्या आणि खाड्या यांमुळे जमिनीवरून प्रवास म्हणजे शिक्षा. आगबोट आली आणि मुंबई जवळ आली. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांची ने-आण होई. पावसाळ्यात वाहतूक बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा हालचाल सुरू. गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी याच वाटेने गणपतीला, शिमग्याला घरी येई. बोटीचा भोंगा ऐकू आला की आमचे आजोबा दुकानातल्या मुलाला सांगत, "मी बंदरार जावन येतंय." दुकान तसंच उघडं टाकून ते निघत.

पेठेची आखणी कुणी कागदावर केलेली नव्हती. पण अर्ध्या तासाच्या पायी चालण्यात बंदर होतं, मासळी बाजार होता, कचेरी, शाळा, वैद्य, देऊळ आणि वाचनालय होतं. रस्ता अरुंद, कारण तो बैलगाडीच्या आणि पायी चालणाऱ्याच्या मापाचा. घरं चिऱ्याची आणि कौलारू. दुकानदार दुकानाच्या वरच राहायचा. त्यामुळे फळ्या लावल्या तरी पेठ बंद होत नसे. कुणाच्या माडीवरून तव्याचा आवाज येई, कुणाच्या ओटीवर पत्ते रंगत. रात्री अकरा वाजता पेठेतून एकटी बाई चालत गेली तरी वरून कुणीतरी विचारायचंच, "खय गेल्लंस गो?" तेव्हा हे आम्हाला नको तिथे नाक खुपसणं वाटे. आज वाटतं, शहराचा पहारा म्हणतात तो हाच.

बंदरावर उभं राहिलेलं शहर बंदराबरोबरच बसतं, याचा पहिला धडा वेंगुर्ल्याने दिला. तिथे सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती. तिचे अवशेष आजही दिसतात. एकोणिसाव्या शतकात आंबोली घाटाचा रस्ता झाला आणि बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी वेंगुर्ल्याला उतरू लागला. वेंगुर्ल्यात क्रॉफर्ड मार्केट आहे, मुंबईच्या मार्केटाचं नावबंधूच. त्या नावातच त्या दिवसांची ऐट आहे. पण १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याला जोडलं गेलं. बेळगाव-धारवाडचा माल रेल्वेने मुरगावला जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याकडे येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. वेंगुर्लेकरांच्या हातून काही चूक झाली होती असं नाही. माल जायची वाट बदलली होती, एवढंच.

मालवणची वाट बदलायला आणखी शंभर वर्षं लागली. मुंबई-गोवा महामार्ग झाला, खाड्यांवर पूल झाले, एसटी गावोगाव पोचली. प्रवासी बोटी मंदावल्या आणि गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडल्या. महामार्ग किनाऱ्यापासून आत, कणकवली आणि कुडाळवरून गेला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही तिथूनच. जी गावं पूर्वी आमच्या बंदरावरून माल नेत, ती आता ठेसनाची गावं झाली. पेठेचं तोंड समुद्राकडे होतं आणि माणसं येऊ लागली पाठीमागून. कुडाळ-कणकवली वाढली. आजही मालवणला यायचं तर महामार्गावर कसालला वळावं लागतं.

यातच १ मे १९८१ हा दिवस आला. रत्नागिरीतून वेगळा जिल्हा झाला आणि त्याला आमच्या किल्ल्याचं नाव मिळालं. मुख्यालय मात्र कोणत्याही जुन्या शहरात न ठेवता महामार्गालगत ओरोसच्या माळावर नवं उभारायचं ठरलं. सिंधुदुर्गनगरी हे त्याचं नाव. त्या निर्णयाला हसणारे खूप भेटतात, मी हसत नाही. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी मालवणच्या माणसाला रत्नागिरीला जाऊन मुक्काम करावा लागे. आता तीसेक किलोमीटरवर काम होतं. रुंद रस्ते, प्रशस्त इमारती, सगळी खाती एकाच आवारात. जागा सर्व तालुक्यांना मध्यवर्ती.

तरीही संध्याकाळी सहानंतर तिथे जाऊन पाहा. कचेऱ्या सुटल्या की गाड्या कुडाळ, कसाल आणि कणकवलीकडे धावू लागतात. शासकीय वसाहतीत दिवे लागतात, पण पेठ म्हणावी असं काही नाही. नकाशात रस्ते होते, कचेऱ्या होत्या, उद्यानाची जागा होती. संध्याकाळी सात वाजता माणसाने घराबाहेर का पडावं, याचं कारण मात्र नकाशात नव्हतं. कचेरीतलं काम दिवसाबरोबर संपतं. पेठेतलं काम संपता संपत नाही, कारण तिथे माणूस राहतही असतो.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं समजू नका. माझा भाचा काही वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू या मध्यम आकाराच्या शहरात होता. त्याच्यामुळे मला तिथली गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरोघर मोटार आली, माणसं शहराबाहेर बंगल्यांत राहायला गेली आणि दुकानंही त्यांच्यामागे गेली. भर शहरातली मुख्य पेठ, जिला ते 'डाउनटाउन' म्हणतात, ओस पडू लागली. १९५९ मध्ये कॅलमझूने पेठेचा रस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला. झाडं लावली, हिरवळ केली. अमेरिकेतला तो पहिलाच असा प्रयोग मानतात. ती कल्पना ज्या व्हिक्टर ग्रूएन या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यातून आली, त्यानेच तीन वर्षांपूर्वी मिनेसोटात शहराबाहेरचा पहिला बंदिस्त मॉल उभारला होता! पुढे कितीतरी शहरांनी कॅलमझूचं अनुकरण केलं आणि बहुतेकांनी नंतर ते रस्ते पुन्हा वाहनांना खुले केले. खुद्द कॅलमझूनेही १९९८ मध्ये त्यातला काही भाग खुला केला. फरशी बदलून आणि बाकं टाकून पेठ परत येत नाही, हे तिकडे उशिरा उमगलं. मग दुकानांवरचे रिकामे मजले दुरुस्त करून तिथे पुन्हा बिऱ्हाडं आणण्याकडे अनेक शहरं वळली. म्हणजे कोट्यवधी डॉलर खर्चून ते ज्या जागी पोचले, तिथे आमची आजी आधीपासूनच बसलेली होती.

आता मालवणची पाळी आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली गजबजली, स्कूबा डायव्हिंग आलं, किल्ला पाहायला रांगा लागू लागल्या. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. गावात पैसा आला, हे चांगलंच झालं. मुंबईला जाणारी काही मुलं इथेच थांबली, हे त्याहून चांगलं. पण पर्यटक दोन रात्रींसाठी येतो. त्याला खोली लागते, शेजार लागत नाही. पेठेतल्या बंद माडीचं आज सर्वांत सोपं गणित म्हणजे लॉज. मे महिन्यात सगळ्या खिडक्या उजळतात आणि जुलैत एकही नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. अशा जिल्ह्यात राहणारा माणूस हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे असं वाटायला नको. हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला आहे. आम्ही चुलत भावंडं अकरा, घर एक. गेल्या पाडव्याला सगळे जमले होते. एका व्यावसायिकाची मागणी आली होती, घर पाडून तिथे तीन मजली लॉज बांधायचं. रक्कम मोठी होती. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादानू, आमी मुंबयत, पोरां परदेशात. ह्यां घर राखून करतलंव काय?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात, वासे कुजतात, आणि किनाऱ्यालगत बांधकामाचे नियम १९९१ पासून इतके गुंतागुंतीचे झाले आहेत, की जुनं घर दुरुस्त करणाऱ्याने आधी वकील गाठावा. घर राखणाऱ्याला कुणाचीच मदत नाही आणि विकणाऱ्याला दहा मध्यस्थ.

मी भावंडांकडून दोन वर्षांची मुदत मागून घेतली आहे. खालचं दुकान भाड्याने दिलं आहे. माडीला वेगळा जिना काढला, न्हाणीघर केलं आणि एका तरुण जोडप्याला बिऱ्हाड करून दिलं. ती शाळेत शिकवते, तो बंदरावरच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. लॉजमध्ये जे एका मे महिन्यात मिळालं असतं, ते भाड्यातून वर्षभरात मिळतं. पण त्यांची चार वर्षांची मुलगी खिडकीतून खालच्या दुकानदाराला हाका मारते आणि तो वर बघून उत्तर देतो. शाळा सुटली की आई तिला चालत आणते, वाटेत मासे घेते. गाडी लागत नाही.

सरकारकडून, नगरपरिषदेकडून मोठ्या योजनांची अपेक्षा मी करत नाही. जुन्या घराची दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा सोपी करावी. गाड्या पेठेबाहेर थांबवाव्यात. शाळा, दवाखाना, वाचनालय आणि टपाल कचेरी पेठेतून हलवू नयेत. माडीवर बिऱ्हाड ठेवणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्यावी. एवढं झालं तरी पुष्कळ. आणि नवी नगरी पुन्हा कुठे आखायची वेळ आलीच, तर आराखड्यात कचेरीच्या शेजारी दुकान आणि दुकानाच्या वर घर काढावं.

बाकीचं आपल्याकडे आहे. ज्यांची घरं पेठेत बंद आहेत, त्यांनी विकण्याआधी एकदा एवढाच विचार करावा, की वर कुणी राहू शकेल का. पुढच्या पाडव्याला मी पुन्हा खिडकीखाली उभा राहणार आहे. मागच्या वेळी पाच दिवे होते. आता आमच्या माडीचा धरून सहा झाले आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)