हिरव्या दाराच्या दोन्ही बाजू

केंट परगण्यातल्या नोल या प्रचंड हवेलीत १६१३ ते १६२४ या वर्षांत कोण कुठे जेवायला बसत असे, याची यादी टिकून आहे. पहिल्या मेजावर डॉर्सेटचा अर्ल रिचर्ड सॅकव्हिल, त्याची पत्नी ॲन क्लिफर्ड आणि निवडक मंडळी. त्याखाली मानाच्या सेवकांचं मेज, मग कारकुनांचं, मग मोठ्या दालनातलं लांबच लांब मेज, मग धोबिणींचं. स्वयंपाकघरात आणि मोरीवर राबणाऱ्यांची नावंही त्यात आहेत. धोबिणींमध्ये ग्रेस रॉबिन्सन ही बाई आहे, स्वयंपाकघराकडे जॉन मोरोको हा माणूस आहे आणि दोघांच्याही नावापुढे ते कृष्णवर्णीय असल्याची नोंद आहे. सगळी मिळून शंभरावर माणसं.

इंग्लंडमधल्या सरदारी हवेल्यांच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या हाती मी सर्वांत आधी ही यादी देईन. याच काळात ॲन क्लिफर्ड रोजनिशी लिहीत होती. वडिलांच्या वारशासाठी ती नवऱ्याशी आणि खुद्द राजाशी झगडत होती. १६१६ मध्ये नवऱ्याने तिच्या लहानग्या मुलीला तिच्यापासून दूर नेलं. रोजनिशी एकटी वाचली तर ती एका बाईच्या मनस्तापाची कहाणी वाटते. यादी शेजारी ठेवून वाचली की कळतं, हा सगळा संसार शंभर जणांच्या डोळ्यांदेखत चालला होता. निरोप कोणी नेला, दार कोणी उघडलं, मुलीचं सामान कोणी बांधलं, हे प्रश्न त्यानंतरच सुचतात. या क्षेत्राविषयी माझं एकच ठाम मत आहे: घराण्याचा कौटुंबिक इतिहास आणि नोकरांचा इतिहास हे दोन विषय नाहीत. ते वेगवेगळे लिहिले की दोन्ही खोटे पडतात.

कुटुंब आणि नोकर यांना वेगळं करण्याचा खटाटोप आधी गवंड्यांनी आणि सुतारांनी केला. सतराव्या शतकाच्या मध्यावर रॉजर प्रॅट या वास्तुकाराने कोलशिल इथल्या घरात मागचे जिने बांधले, म्हणजे धन्याला नोकर आणि त्यांच्या हातातली शौचाची भांडी वाटेत आडवी येऊ नयेत. अठराव्या शतकात तारेने ओढायच्या घंटा आल्या. तोवर हाकेच्या अंतरावर ताटकळणारा नोकर आता दोन मजले खाली पाठवता येऊ लागला. आणि मग ते प्रसिद्ध दार, आवाज आणि स्वयंपाकाचा वास अडवण्यासाठी हिरव्या जाड कापडाने मढवलेलं. एका बाजूला गालिचा, दुसऱ्या बाजूला उघडी फरशी. न्हाणीघराचे नळ येण्याआधी अंघोळीचं गरम पाणी पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांतून याच दारातून वर जाई आणि गार झालेलं, साबणाचं पाणी याच दारातून खाली येई. इतक्या वेळा उघडणारं दार घर दोन भागांत कसं तोडणार?

वेस्ट ससेक्समधल्या अपपार्कची गोष्ट याच कारणासाठी सविस्तर सांगावीशी वाटते. तिथला धनी सर हॅरी फेदरस्टनहॉ याने १८२५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक या तरुण मुलीशी लग्न केलं. तिची धाकटी बहीण फ्रान्सिसही त्याच घरात वाढली. १८४६ मध्ये सर हॅरी वारले, १८७४ मध्ये मेरी ॲन गेली आणि हवेली फ्रान्सिसकडे आली. तिने फेदरस्टनहॉ हे आडनाव लावलं. ही फ्रान्सिस हवेलीची मालकीण होण्याआधी, १८५० च्या सुमारास, सेरा नील नावाची मुलगी तिची खास दासी म्हणून तिथे आली होती. बागेत काम करणाऱ्या जोसेफ वेल्सशी तिची ओळख झाली, लग्न झालं, ती गेली. त्या दोघांचं दुकान धड चाललं नाही, आणि १८८० मध्ये फ्रान्सिसने तिला हाउसकीपर म्हणून परत बोलावलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हाताखाली मोलकरणी, कोठीचा सगळा हिशेब अंगावर. नवरा मागेच राहिला.

अपपार्कला मुख्य घर आणि स्वयंपाकाची इमारत जोडणारी भुयारं आहेत. वरच्या हिरवळीवर कुणाची सावली पडू नये म्हणून माणसं जमिनीखालून ताटं नेत. सेराचा मुलगा तिथे सुट्टीला यायचा. माळ्यावरच्या अडगळीत त्याला एका दुर्बिणीचे सुटे भाग सापडले, ते त्याने जुळवले. घरातली जुनी पुस्तकं वाचता वाचता तो प्लेटोपर्यंत पोचला. तो मुलगा म्हणजे एच. जी. वेल्स. १९०९ च्या ‘टोनो-बंगे’ या कादंबरीत त्याने ही हवेली उभी केली आणि १९३४ च्या आत्मचरित्रात आईविषयी स्पष्टच लिहिलं: ती प्रामाणिक होती, पण कामाची आखणी, खरेदी, माणसं सांभाळणं यांतलं तिला काही येत नव्हतं. पुढे तिला ऐकू कमी येऊ लागलं. १८९३ मध्ये तिला काढून टाकलं.

हा निकाल मुलाचा आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. दुधाच्या बादल्या उचलणाऱ्या मुलीची बहीण मालकीण आणि तिची जुनी दासी हाउसकीपर, या नात्यात माया किती, संकोच किती, धाक किती, हे वेल्सला सगळं दिसलं असेल असं मला वाटत नाही. इथेच अभ्यासकाचं खरं काम सुरू होतं.

सेराच्या वयाच्या नोकरांचं पुढे काय होई, हा विषय अजून भरपूर कष्ट मागतो. मालकाची मर्जी असेल तर इस्टेटीवर एखादं झोपडीवजा घर, मृत्युपत्रात थोडीशी वार्षिक नेमणूक. नाही तर नातेवाइकांचा आसरा किंवा निराधारांसाठीचं वर्कहाउस. १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, तेव्हा कुठे म्हातारपण मर्जीवर अवलंबून राहणं थोडं कमी झालं.

नव्या वाचकाला एक इशारा द्यायलाच हवा. ‘डाउनटन ॲबी’ ही मालिका पाहून इंग्लंडमधला प्रत्येक नोकर भल्या मोठ्या हवेलीत होता असं वाटतं. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया तेरा लाखांवर होत्या. त्यांतल्या बहुतेकींचा जन्म मध्यमवर्गीयांच्या घरी एकटीदुकटीने चूल पेटवण्यात, जिने घासण्यात गेला. हवेलीतल्या मोलकरणीला निदान सोबत होती, बढतीची आशा होती, पोटभर अन्न होतं.

जुन्या नोकरांनी सांगितलेल्या आठवणी ही या क्षेत्राची मोठी श्रीमंती. मार्गारेट पॉवेलचं पुस्तक १९६८ मध्ये आलं, लेडी ॲस्टरची दासी रोझिना हॅरिसन हिचं १९७५ मध्ये. एकीच्या लिखाणात राग धगधगतो, दुसरीच्या लिखाणात अभिमान, आणि दोघीही खरं सांगताहेत. वेल्सच्या सीमेवरच्या अर्डिग हवेलीत योर्क घराण्याने १७९० च्या दशकापासून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, त्यांच्यावर पद्यं रचली, पुढे छायाचित्रंही टिपली. असा जिव्हाळा दुर्मीळच. पण याच घराने १९०७ मध्ये एलन पेंकेथ या स्वयंपाकिणीवर पाचशे पौंडांच्या अपहाराचा आरोप ठेवला आणि ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. चित्रांच्या दालनाइतकाच तो खटलाही त्या घराचा कौटुंबिक दस्तऐवज आहे. १९७७ पासून अर्डिगला येणारा पाहुणा आधी नोकरांच्या आवारातून आत जातो, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

मराठी वाचकाचा या घरांशी एक धागा थेट जुळतो. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट असलेला चार्ल्स मॅलेट पुढे विल्टशरमधल्या विल्बरी हाउसचा धनी झाला. पेशव्यांशी १७९० मध्ये झालेल्या तहाचं थॉमस डॅनियलने रंगवलेलं भव्य चित्र त्याच्याशी निगडित आहे. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशावर अशी कितीतरी घरं उभी राहिली, आणि साहेबांच्या मुलांना सांभाळत आयाही बोटीने तिकडे गेल्या. नोकरी संपल्यावर परतीचं भाडं न मिळालेल्या आयांसाठी लंडनमध्ये हॅकनी भागात वेगळं आश्रयगृह होतं. रोझिना व्हिस्राम यांनी १९८६ मध्ये या माणसांचा मागोवा घेतला, तिथून पुढे बरंच काम झालं आहे, आणि मराठी, कोकणी जाणणाऱ्या अभ्यासकांसाठी बरंच उरलंही आहे.

सुरुवात मार्क जिरूआर्डच्या १९७८ च्या पुस्तकाने करावी, कारण घराच्या भिंती कशा वाचायच्या ते तो शिकवतो. मग जेसिका जेरार्ड, जिने १८१५ ते १९१४ या काळातली कुटुंबं आणि नोकर एकत्र मांडले. त्यानंतर जनगणनेचे कागद उघडावेत. त्यांत धन्याच्या नावाखाली पत्नी, मुलं, पाहुणे आणि लगेच पुढच्या ओळीत हाउसकीपर, फुटमन, स्वयंपाकीण, भांडी घासणारी चौदा-पंधरा वर्षांची पोर, प्रत्येकाचं जन्मगाव लिहून, एकाच कागदावर.